दर्भाचा कावळा

वटार, ता. वसई
१२ जून २०००

चि. विलास यास अनेक आशीर्वाद.

तुरुंगाच्या कचेरीत बसून कैद्यांची शेकडो पत्रं वाचणाऱ्या माणसाला आतेबहिणीला चार ओळी लिहायला वेळ मिळू नये, हे नवलच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. असो. तुझ्या बायकोला, स्वप्नाला, वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी पाठवली आहेत. ती तिच्या हाती पडू देत, तू मधल्यामध्ये संपवू नकोस.

विचारायचं ते सरळ विचारते. बाबूचं कधी होणार?

माझी अक्षया आणि सासूबाई जाऊन मार्चमध्ये सहा वर्षं झाली. अक्षयाच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते, घरात सोनं आलं होतं. आम्ही बाकीचे केळीच्या वाडीत, त्या दोघीच घरी. दुपारी पाण्याची कळशी न्यायला मी घरी आले, तर मागच्या दारातून बाबू बाहेर पडत होता. आमच्याच वाडीत लहानाचा मोठा झालेला गडी, मिठागरावर राबणाऱ्या विधवेचा एकुलता मुलगा. हातात आमचाच कोयता. मला बघून तो वाट सोडून बाजूला उभा राहिला, रोज राहायचा तसा. मी त्याच्यासमोरून आत गेले. आत काय आहे ते दोन पावलांत कळलं. ठाण्याच्या कोर्टात मीच बोट दाखवून म्हटलं, हाच तो. दुसरा साक्षीदार नव्हता.

वरच्या कोर्टांनी फाशी कायम केली. दयेचा अर्जही फेटाळला असं पेपरात आलं. मग घोडं अडलंय कुठे? तो हजार किलोमीटरवर तुमच्या कुलपात आहे हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि दुपारी मागचं दार उघडं टाकणं वेगळं. वटारात आता प्रत्येक दाराला दोन कड्या आहेत. मुली शिवणाच्या क्लासला आगाशीला एकट्या जात नाहीत. मी सहा वर्षांत दुपारी पाठ टेकलेली नाही. मागच्या दाराशी कोणी वाट सोडून उभं आहे असं वाटतं, आणि उठून बघावं तर नुसतं अंगण.

दुकानदार हरेश्वर म्हणतो, सरकार त्याला आपल्या पैशाने पोसतंय. खरं का रे? तू आतला माणूस. तो आहे तोवर आम्हाला सुख नाही, आणि तो गेल्याशिवाय गाव सुरक्षित नाही. लवकर होऊ दे.

तुझी ताई,
सुभद्रा


कारागृह कर्मचारी वसाहत
२८ जून २०००

ती. ताईस सा. नमस्कार.

सुकेळी पोचली. स्वप्नाने डबा लपवला, मी शोधला, त्यात आठवडा गेला.

हरेश्वरला सांग, पोसतंय हे खरं, पण त्याला वाटतं तसं नाही. फाशीचा कैदी हा आमच्याकडचा सगळ्यांत महागाचा. त्याच्या कोठडीसमोर तीन पाळ्यांत शिपाई, दिवा कायम चालू, पायजम्याला नाडीसुद्धा नाही. दर सोमवारी वजन. वजनावरून दोराची लांबी ठरते, म्हणून तो कागद माझ्या टेबलावर येतो. गेल्या साली बाबूला कावीळ झाली. तीन आठवडे सलाईन, बाहेरून मोठे डॉक्टर, उकडलेल्या भाज्या. आजारी माणसाला फाशी देता येत नाही, तेव्हा आधी बरा करायचा. तो डॉक्टरांना म्हणाला, 'जल्मात पयल्यांदा कोनी माझी नाडी बघितली.' एवढ्या खर्चात वटारच्या रस्त्याला दिवे लागले असते आणि तुमच्या दवाखान्यात डॉक्टर बसला असता. पण तसला प्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नाही.

राहिली गोष्ट सुरक्षेची. आमचे साहेब म्हणतात, एकाला टांगलं की हजार जणांना वचक बसतो. असेल. मी एकदा बाबूलाच विचारलं, कोयता उचलताना फाशी आठवली नाही का? म्हणाला, अक्षयाताईने ओळखून हाक मारली तेव्हा काहीच आठवलं नाही, हात चालून गेला. फाशी आठवली ती नंतर, आवाजाने म्हातारी उठून बसली तेव्हा. म्हणून तिलाही.

ताई, हे लिहू की नको असं करत चार दिवस काढले. पण तू दर पत्रात विचारतेस, सासूबाईंना का मारलं, त्यांनी त्याचं काय वाईट केलं होतं. वचक बसला होता त्याला. उत्तर एवढंच आहे.

तारीख अजून आलेली नाही. येईल तेव्हा पहिलं पत्र तुला.

तुझा,
विलास


कारागृह कर्मचारी वसाहत
१४ सप्टेंबर २०००

ती. ताईस,

आज पहाटे साडेपाचला झालं. मी हजर होतो. गडबड काही झाली नाही. शांतपणे गेला. जाताना एवढंच म्हणाला, 'आयला कोन बघल?'

पुढचं सगळं इथेच उरकलं. त्याच्या आईने इतक्या लांब यायचं कारण नाही, तिला तसं सांग.

आता दुपारची झोपत जा.

विलास


वटार
२७ सप्टेंबर २०००

चि. विलास,

झोपले. पत्र आलं त्या दुपारी मागचं दार सताड उघडं टाकून झोपले ती दिवेलागणीला उठले. जावेला वाटलं मीही गेले की काय.

पत्र मी आधी हरेश्वरच्या दुकानासमोर मोठ्याने वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं घरी गेली आणि दोन दिवसांत सुतार बोलावून दुसरी कडी काढायला लागली. शेजारची ज्ञानदा आणि तिच्या मैत्रिणी काल आगाशीला चालत गेल्या आणि उशिरा आल्या म्हणून मार खाल्ला. मला तो मार बघून बरं वाटलं. सहा वर्षांनी गावात साध्या कारणासाठी कोणी मार खाल्ला.

पण एक गोष्ट तुला सांगायची आहे. आमच्या जुन्या बायका म्हणाल्या, फासावर गेलेल्याचं कोणी केलं नाही तर तो जिथून गेला तिथेच परत येतो. तुरुंगाला भिंत तरी होती, मेलेल्याला भिंत कसली? आणि तो जिथून गेला ते दार कोणाचं? माझं. भटजी आधी नाही म्हणाले, मी पायाच धरले. तुळिंजहून त्याच्या आईचा एक भाचा शोधून आणला आणि आगाशीच्या तळ्याकाठी दहावं केलं. खर्च माझा. हसू नकोस. कुठे तो खुनी नि कुठे मी, पण पिंडाचा भात मी शिजवला.

विलास, कावळा आला नाही. पितृपक्षाचे दिवस, तळ्याकाठी चार घरांचे पिंड. शेजारच्या पिंडांवर कावळ्यांची भांडणं, आणि बाबूच्या पिंडाच्या वीतभर अंतरावर येऊन सगळे थांबत. मान वाकडी करून बघत आणि उडून जात. ऊन कललं. भाचा म्हणाला, काय राहिलंय ते बोला. तू लिहिलेलं त्याचं शेवटचं वाक्य मला आठवलं. मी पुढे होऊन हात जोडून म्हणाले, तुझ्या आयला मी बघेन. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावून मोकळे झाले. असं चालतं म्हणे.

त्याची आई सबंध वेळ झाडाखाली बसून होती. डोळ्यांत मोतीबिंदू, धड दिसत नाही. मला म्हणाली, 'बाय, कावला येल कसा? त्यो जिता हाय.' मी तिला धरून घरी आणलं. वचन दिलं आहे, आता करते काय? तेव्हापासून ती आमच्या मागच्या पडवीत आहे. मीठ वेचून तिच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यांना तेल लावते. लावताना मनात काय येतं ते विचारू नकोस.

तुझी ताई


कारागृह कर्मचारी वसाहत
२० ऑक्टोबर २०००

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. तू झोपतेस हे वाचून समाधान वाटलं. ते दोनदा वाचलं.

कावळ्याचं मनावर घेऊ नकोस. पक्ष्यांना काय कळतं? म्हातारीचंही मनावर घेऊ नकोस, आईचं मन असतं. तिच्या नावाने सरकारी पाकीट वगैरे आलं तर उघडू नकोस, तसंच माझ्याकडे पाठव. कागद आमच्याच कचेरीचे असतात, मी बघून घेईन.

इकडे काही विशेष नाही. स्वप्ना म्हणते मी वाळलो. तिला सवय आहे असं म्हणायची.

विलास


वटार
२८ सप्टेंबर २००३

चि. विलास यास आशीर्वाद.

तू हल्ली पोस्टकार्डावर भागवतोस. बरं, मीच लांबलचक लिहिते.

परवा सर्वपित्री झाली. दरवर्षी मी तीन पानं ठेवते. अक्षयाच्या पानावर कावळा लगेच येतो, तिला पहिल्यापासून घाई. सासूबाईंच्या पानाला थोडं मानपान लागतं. तिसरं पान बाबूचं. सलग चौथं वर्ष, विलास, त्या पानाला कोणी शिवलं नाही. यंदा तर ते पान मधोमध ठेवून बघितलं. दोन्हीकडची पानं चाटूनपुसून साफ, आणि मधल्या पानावर वडा तसाच. मुंगीही नाही. सिद्धेश, माझा पुतण्या, कॉलेजात शास्त्र शिकतो. तो सुद्धा बघून घरात निघून गेला.

गावात कोणाला काही नाही. दारं उघडी असतात, बायका एकेकट्या वाडीत जातात, रात्रीची गस्त सुद्धा बंद झाली. सगळे म्हणतात, फाशी झाली आणि गाव सुटलं. मीही तेच म्हणते. फक्त म्हातारी जेवताना दोन घास ताटाच्या कडेला काढून ठेवते. 'कोणासाठी गं?' तर म्हणते, 'कैदेत पोट भरत नाय त्याचं.' तीन वर्षं मी तिच्या शेजारी जेवते आहे. आता घास काढायच्या वेळी माझाही हात थांबतो.

म्हणून एकदाच विचारते. रागावू नकोस. तू स्वतः पाहिलंस ना रे?

तुझी ताई


१२ ऑक्टोबर २००३

ताई,

पाहिलं.

विलास


२ जून २००६

ती. ताईस,

परवा, एकतीस मेला, मी निवृत्त झालो. नारळ, शाल, भाषणं झाली. आता लिहितो ते नीट बसून वाच, आणि म्हातारीसमोर वाचू नकोस.

बाबू जिवंत आहे.

त्या वेळी सगळं तयार होतं. आदेश आले होते, दोर आला होता, त्याच्या वजनाचं वाळूचं पोतं टाकून बघितलं होतं. ते पोतं पडल्याचा आवाज सबंध तुरुंगात जातो. बाबूने शिपायाला विचारलं होतं, 'कोन पडलं?' कारकुनाला एक खोड असते. साहेबांची सही व्हायची असते तेव्हाच पुढच्या पत्राचा मसुदा तयार ठेवायचा. तुझं पत्र मी बुधवारीच लिहिलं, गुरुवारची तारीख घातली आणि संध्याकाळच्या टपालात टाकलं. तुला एक दिवस तरी लवकर कळावं म्हणून. पहाटे चार वाजता स्थगितीचा फॅक्स आला. कोणा वकिलाने रात्रीत नवा अर्ज लावला होता. इकडच्या पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या, त्या वटारपर्यंत पोचल्या नाहीत.

'आयला कोन बघल' हे वाक्य माझं. त्याने असं काही म्हटलं नव्हतं, म्हणायची वेळच आली नाही. पत्र फार कोरडं वाटत होतं म्हणून घातलं.

दुसऱ्याच दिवशी तुला खरं लिहायला बसलो होतो. पण मग वाटलं, तिला चार दिवस झोपू दे. मग तुझं पत्र आलं, मागचं दार उघडं टाकल्याचं. त्यानंतर मला जमलं नाही. म्हातारीला जायचं सरकारी पत्र मी फाईलमध्ये दाबलं. त्याने आईला लिहवून घेतलेली अकरा पत्रं माझ्या खणात राहिली. कैद्यांची पत्रं तपासणारा मीच, मला कोण विचारणार? तो विचारायचा, 'साएब, आयचं काय आलं?' मी म्हणायचो, तिला लिहिता येत नाही ना रे. आणि तू पत्रात विचारलंस, स्वतः पाहिलंस ना, त्याच्या दोन महिने आधी त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली होती. त्याला बागकाम दिलं होतं. माझ्या खिडकीखाली तो कर्दळींना पाणी घालत होता. त्याच्याकडे बघत मी 'पाहिलं' असं लिहिलं.

ताई, तुझ्या गावाला फाशीपासून जे मिळायचं ते सगळं मिळालं. झोप, उघडी दारं, मुलींचे क्लास. आणि फाशी झालीच नव्हती. आमच्या साहेबांना हे सांगावं असं फार वाटायचं. पण सांगायचं तर आधी स्वतःचा गुन्हा सांगावा लागला असता.

आता मुख्य. त्याची छाती पोखरली आहे. डॉक्टर म्हणतात दिवाळी बघणार नाही. आजारपणामुळे वरून सुटकेचा हुकूम झाला. गावात चौकशी व्हायची असते, ती कोणीतरी टेबलावर बसूनच केली असणार, नाहीतर माझं बिंग तेव्हाच फुटलं असतं. सोमवारी तो सुटेल आणि वटारला यायला निघेल. आई तुझ्याकडे आहे हे मी त्याला सांगितलं. ऐकून तो खाली बसला. फोन करायला हवा, पण तुझा आवाज ऐकायची माझी छाती नाही. अकरा पत्रं सोबत आहेत.

काय करायचं ते तू ठरव. मी ठरवायचा अधिकार घालवला आहे.

विलास


वटार
१९ जून २००६

विलास,

तुझं पाकीट बुधवारी सकाळी अकराला आलं आणि तो दुपारी दोनला. मधल्या तीन तासांत मी काय केलं ते मला आठवत नाही. भांडी घासलेली होती, म्हणजे घासली असणार.

आगाशीच्या स्टँडवर उतरून तो चालत आला. हरेश्वरने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. मागून माणसं जमत गेली, पण त्याच्या सावलीत कोणी पाय टाकेना. बायका त्याच्या पावलांकडे बघत होत्या, उलटी आहेत का म्हणून. ज्याचं दहावं केलं, ज्याच्या नावाने सहा वर्षं पान ठेवलं, तो भर दुपारी खोकत रस्त्याने येत होता.

तो आमच्या मागच्या अंगणात येऊन थांबला. मी दारात होते. अर्धं गाव कुंपणाशी. कोणी म्हणालं भूत आहे, कोणी म्हणालं सुटून आला असेल. सिद्धेश कोयता घेऊन पुढे झाला. अक्षया गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तिच्या मागेमागे फिरायचा. म्हणाला, 'काकी, भूत असेल तर कोयता लागायचा नाही. माणूस असेल तर लागेल. बघून टाकतो.' कोणी त्याला अडवलं नाही. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळून म्हणाला, 'कोर्टात तूच ओळखलं होतंस. आता पण तूच सांग. तोच ना?'

ओळखायला मला क्षणही लागला नाही. त्याच्या भुवईवरची खोक मी स्वतः हळद दाबून बांधली होती, तो सात वर्षांचा असताना. बारा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते समोर उभं होतं, आणि 'हो' एवढं म्हटलं की झालं असतं. गावाने दुवा दिला असता.

मला दया आली असं समजू नकोस. दया आली नाही, अजूनही येत नाही. मी सिद्धेशच्या मनगटाकडे बघत होते. तुझ्या त्या फाशीच्या कोठडीत याला ठेवतील, दिवा चालू ठेवतील, दर सोमवारी याचं वजन करतील, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं. हा उद्या मरणारा माणूस मारून माझ्या घरातलं तिसरं जाईल.

मी म्हणाले, हा तो नव्हे.

बाबूने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि खोकला आला. तो खोकला ऐकून म्हातारी खांबाला धरत पडवीतून बाहेर आली. तिला दिसत नाही, पण आमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं. सगळे आता तिच्याकडे बघत होते. सहा वर्षं 'जिता हाय, जिता हाय' म्हणणारी ती. सिद्धेशने कोयता खाली केला नव्हता. ती म्हणाली, 'कोन हाय बाय?' मी म्हटलं, कोणी नाही, वाट चुकलाय. तिने खोकल्याच्या दिशेला कान वळवला. मग म्हणाली, 'पानी दे त्याला. नि सांग, हितं नको थांबू, बाबा.'

मी तांब्या दिला. तो सगळा प्याला. तांब्या माझ्या हातात न देता त्याने ओट्यावर ठेवला आणि बांधावरून खाडीकडे निघून गेला. कोणी मागे गेलं नाही. सिद्धेश रात्री जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी कामावर गेला. गाव म्हणतं, चेहऱ्याचा सारखेपणा असतो. काहींनी पुन्हा दुसरी कडी लावली.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. तुझ्या खोटेपणावर मी सहा वर्षं झोपले, तेव्हा शिव्या द्यायचं तोंडही मला राहिलं नाही. आता तू रिकामाच आहेस. तो कुठे आहे याचा शोध घे, दवाखान्यात घाल, तुझ्या पेन्शनीतून. आणि काय होईल ते मला लिही. पण झाल्यावर लिही.

त्या दिवशी तिन्हीसांजेला म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, 'बाय, मला दिसत नाय. लय सुकलाय का गो त्यो?'

मी तिला सांगितलं. केस किती पिकलेत, गळ्याची हाडं कशी वर आलीत, शर्ट कोणत्या रंगाचा होता. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तुझी ताई,
सुभद्रा